क्लेटनच्या डावीकडची इला

इला गद्रेला क्लेटनची कीव यायचे दिवस कधीच सरले होते. आता उरला होता निव्वळ तिटकारा. हा प्राणी शिकागोजवळच्या एका दंतवैद्याचा मुलगा. शेत पाहिलं असेल तर गाडीच्या काचेतून. पण स्टेजवर चढला की डोक्यावर हॅट, पायांत उंच बूट आणि तोंडात अमेरिकेच्या दक्षिणेकडचे हेल. रूट्स रॉक म्हणजे मातीतलं गाणं, असं तो मुलाखतींत ठणकावून सांगे. त्याच्या बुटांना माती कधी लागली नव्हती.

आणि सूर? तो जन्मजात उतरलेला. २००१ साली, बाविसाव्या वर्षी, इला त्याच्या बँडमध्ये मागे साथीला गायला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिने रोग ओळखला. औषधही तिनेच शोधलं. तो जेवढा घसरेल तेवढंच आपणही घसरायचं. गिटारच्या गलक्यात दोघं मिळून खाली आली, की ऐकणाऱ्याला सगळं सुरेल वाटतं. सहा वर्षं तिने हा उद्योग केला. टाळ्या त्याला, तिन्ही अल्बमांवर फोटो त्याचा. इलाचं नाव आतल्या पानावर, व्हॅन चालवणाऱ्याच्या खाली.

शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला घरी वेगळाच तमाशा. मंडळाच्या गणपतीत मालिनीकाकू मोदक वाढता वाढता विचारायच्या, "प्रतिमा, तुझी इला अजून ते मागे उभं राहून आ-ऊ करते का गं? आमच्या कुशला मास्टर्सची अ‍ॅडमिशन मिळाली हं." आई ओशाळं हसायची. "म्युझिकमध्ये आहे ती." इला दात-ओठ खायची. एकदा, फक्त एकदा मधला माईक मिळू दे. मग या काकूंना आणि त्या हॅटवाल्याला दाखवते, गाणं कशाला म्हणतात!

मिळाला. २००७च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या डब्लिनला दुपारचा कार्यक्रम होता आणि आदल्या दिवशी क्लेटनचा घसा बसला. इलाने तडक घरी फोन लावला. "आई, उद्या आय अ‍ॅम सिंगिंग लीड! बाबांना घेऊन ये. कॅन्सल नको करूस, प्लीज." आई-बाबा पहाटे निघाले, सहा तास ड्राइव्ह करून आले आणि पहिल्या रांगेत बसले. क्लेटन गळ्याला मफलर गुंडाळून ड्रमशेजारी खुर्चीत बसला होता, अर्थात हॅट घालून.

ड्रम वाजले. इला मधल्या माईकपाशी गेली आणि गायली. खणखणीत, सुरेल. दोन ओळी झाल्या तरी लोक एकमेकांकडेच बघत होते. गिटारवालाही बघत होता. तिसऱ्या ओळीला तिच्या डोक्यात उजेड पडला. ती साथीची ओळ गात होती, सहा वर्षं गायलेली, मूळ चालीच्या वरच्या सुरांतली. आणि मूळ चाल कुणीच गात नव्हतं. चाल तिला पाठ होती. पण गळा तिकडे वळवला, की पुढच्याच शब्दाला आपोआप वर पळायचा.

तेवढ्यात खुर्चीतून क्लेटनने ड्रमजवळचा माईक ओढून खरखरीत आवाजात चाल धरली. नेहमीसारखीच उतरलेली. आणि इलाचा गळा, तिला न विचारता, बरोब्बर तेवढाच खाली आला. गाणं झक्क जमलं. लोक डोलायला लागले. इलाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली.

कार्यक्रम संपल्यावर आई धावत आली. डोळे भरलेले. इतक्या वर्षांत तिने लेकीच्या गाण्याचं कधी मनापासून कौतुक केलं नव्हतं, आज केलं.

"किती सुंदर साथ केलीस गं त्याला!"