सव्वा तासाचं अंतर

मुंबई ते गोवा, विमानाने सव्वा तास. तिकिटावर असंच लिहिलेलं असतं आणि ते खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. विमान हवेत साधारण तेवढाच वेळ असतं. माणसं मात्र हवेत राहत नाहीत. आम्ही मुंबईत, दिंडोशीला राहतो आणि आमचं गाव गोव्याच्या विमानतळाच्या अलीकडे, सिंधुदुर्गात.

सकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला. थोरले काका गेले. काका बिनलग्नाचे. माझ्या बाबांना त्यांनीच शिकवलं, त्यांनीच मुंबईला धाडलं. अग्नी बाबांनीच द्यायचा, यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"कधी येतलात, काका? थांबया?" चुलतभावाने बाबांना विचारलं.

तोवर मी मोबाइलवर दुपारचं तिकीट उघडलंच होतं. बाबांनी ते पाहिलं. "थांबा. इमानान येतंय. सव्वा तासाचा तर काम."

गाडीने बारा तास लागतात. तसं सांगितलं असतं तर वाडीने वाट बघितलीच नसती. दुपारच्या आत सगळं उरकलं असतं आणि कुणी बाबांना नावं ठेवली नसती. पण सव्वा तास म्हटल्यावर कोण थांबणार नाही? आणि आमच्याकडे मयत उठेपर्यंत वाडीत एकाही घरी चूल पेटत नाही. अख्खी वाडी उपाशी बसली, विमान कंपनीच्या शब्दावर.

दिंडोशीहून विमानतळ तसा जवळच. पण हायवे कायमचा खणलेला, तिथेच तासाहून जास्त गेला. मग रांगा. मग फलकावर 'उशीर'. थोड्या वेळाने आणखी उशीर.

"कसलं कारण?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"टेक्निकल आहे, मॅडम."

"टेक्निकल म्हणजे काय? तिकडे मयत थांबलंय."

तिची चूक नव्हतीच. माझ्याच वयाच्या पोरीला पगारावर पुढे उभी करून मागे लपणारे लोक वेगळे. त्यांनी तिला सँडविच वाटायला लावली. बाबांनी घेतलं नाही. "वाडी उपाशी हा. मी कसो खाव?"

उन्हं कलली तेव्हा पुन्हा फोन आला. चुलतभावाचा आवाज खाली गेलेला. "काका, पोरां रडतत. शेजारची म्हातारी चक्कर येवन पडली. काळोख व्हायच्या आधी न्हेवक होया. काय करूया, तुमीच सांगा."

बाजूला गोव्याला निघालेलं एक टोळकं गॉगल लावून फोटो काढत होतं. बाबांनी एकदा फलकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उचला तेका. अग्नी तू दी. माका फक्त सांग, लावतस तेव्हा."

फोन स्पीकरवर ठेवून ते काचेपाशी गेले. मला म्हणाले, "गाव खंयच्या बाजूक गो?" मला सांगता येईना. त्यांनी अंदाजाने तोंड वळवलं आणि चपला काढल्या.

"अंकल, चप्पल पहनिए," सुरक्षारक्षक म्हणाला.

मी भांडायला उठले. बाबांनी हात वर केला. "गप रव."

फोनवर फक्त माणसांच्या चालण्याचा आवाज. मग तोही थांबला.

"लावलंय, काका."

बाबांनी फोनसकट हात जोडले. तेवढ्यात घोषणा झाली, विमान तयार आहे. टोळक्याने टाळ्या वाजवल्या.