अप्पांची हद्दपारी

ज्यांच्या बोलण्याने उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं मन वळलं नाही आणि तरी ज्यांनी एका बेडकाचं मन वळवायला दोन वर्षं खर्ची घातली, असे गृहस्थ परभणी जिल्ह्यात एकच आणि ते नेमके माझे साडू. राहतात सेलूला. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहिली, त्यामुळे कुठलीही वस्तू चिमटीत धरून ओढल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या कोटाच्या बाहीचा धागा ओढला आणि सासऱ्यांदेखत जाहीर केलं, "मिसळ हाय!" निवृत्तीनंतर कापूस सुटला, चिमूट सुटली नाही. परभणीहून त्यांनी काचेची मोठी पेटी आणली, तीत शेवाळ लावलं, नखाएवढे अकरा लाल झिंगे सोडले आणि रोज सकाळी पेटीतलं पाणी बोटांत चोळून निकाल द्यायला लागले, "आज पानी लांब धाग्याचं हाय."

आता घर पडलं शिवभक्तांचं. पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नाही. झिंगे हा खायचा पदार्थ आहे एवढंच शेजारपाजारच्यांना ठाऊक, त्यामुळे येणारा-जाणारा काचेला नाक लावून "कालवन कवा करायचं?" म्हणून विचारायचा आणि साडू त्याला चहा न देता वाटेला लावायचे. त्यातच एक दिवस पेटी विकणाऱ्या दुकानदाराने त्यांच्या गळ्यात एक बेडूक मारला. बोटाच्या पेराएवढा, बारा महिने पाण्यात राहणारा, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणारा. बोलण्याआधी गळा फुगवून क्षणभर शून्यात बघायची त्याची लकब थेट आमच्या सासऱ्यांची होती. साडूंनी त्याचं नाव अप्पा ठेवलं. सासऱ्यांनाही सगळे अप्पाच म्हणतात. माझ्या मेव्हणीने, म्हणजे आक्काने, दोन दिवस अबोला धरला. मला मात्र मनातून फार बरं वाटलं, हे आज कबूल करून टाकतो.

अबोला सोडताना आक्काने अट घातली. "ह्या घरात एका जीवानं दुसऱ्याला खाल्लेलं मला दिसलं, तर पेटी बाहेर. मग तुमी रडा न्हाईतर पडा." साडूंना पेटी जिवापेक्षा प्यारी. त्यांनी अप्पांना शाकाहारावर आणायचं ठरवलं. भाकरीचा चुरा झाला, वरणाचं पाणी झालं, सणाला पुरणाचा कण झाला. अप्पांनी कशाकडेही ढुंकून पाहिलं नाही आणि चार दिवसांत ते इतके रोडावले, की साडूंनी हात टेकले आणि परभणीहून गोठवलेल्या लाल किड्यांच्या वड्या आणल्या. "आपन मारले न्हाईत, मेलेलेच हायेत," हा त्यांचा युक्तिवाद. आक्काने तो ऐकून घेतला, पण वड्यांना फ्रीजमध्ये जागा दिली नाही. मग त्या समोरच्या कुल्फीवाल्याच्या पेटीत राहिल्या. एकदा एक गिऱ्हाईक "ती लाल वडी द्या, गुलाबाची," म्हणून हटूनच बसलं, तेव्हा साडू चप्पल न घालता रस्ता ओलांडून धावले होते.

वडी खाऊन अप्पा तृप्त झाले की प्रवचन सुरू. पूजा आटोपून कपाळाला लावल्यावर बोटाला उरलेलं भस्म काचेला पुसायचं आणि सांगायचं, "अप्पा, हे झिंगे म्हंजी आपले शेजारी. तुमाला काय कमी हाय का इथं?" अप्पा गळा फुगवून बारीक गुणगुणायचे. साडूंच्या मते तो होकार होता.

आणि एका सकाळी पेटीच्या तळाशी झिंग्याचं रिकामं कवच सापडलं. मिशा शाबूत, पाय शाबूत, आत कोणी नाही. साडूंनी काचेला बोट लावून मोजले. दहा. पुन्हा मोजले, दहाच. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, तर अप्पा वर गेले, हवेचा घोट घेतला आणि पाठ करून बसले. "बघा, नजर चुकवायलेत!" साडू रडवेले होऊन म्हणाले. आक्का दारातच उभी होती. ती वळली आणि ओसरीवर पेटीपुरती जागा झाडायला लागली. पेटी वाचवायची तर अप्पांनी जायला हवं होतं. त्याच दुपारी साडूंनी अप्पांना स्टीलच्या डब्यात घातलं, एसटीने वालूरला नेलं आणि मावसभावाच्या मळ्यातल्या दगडी हौदात सोडलं. "इथं पायजे ते खावा, कुनी इचारनार न्हाई," एवढं म्हणून ते मागे न बघता निघाले.

चौथ्या दिवशी पेटीत दुसरं कवच. बेडूक तर आता नव्हताच. ते चमच्याने वर काढलं आक्कानेच. शेतकऱ्याच्या घरची लेक ती, बांधावरच्या सापाची कात तिने लहानपणी पाहिलेली. कवच उजेडात धरून ती बघतच राहिली. तेवढ्यात शेवाळाआडून पहिला बेपत्ता झिंगा नव्या कोऱ्या अंगाने बाहेर आला. "अवो, ही तर कात हाय! अंग कवळं म्हनून लपला व्हता त्यो," आक्का म्हणाली आणि मग हलक्या आवाजात, "अप्पाला उगंच घालवलं की वो आपन."

त्या दिवसापासून साडू दर सोमवारी वालूरला जातात. हौद चांगला पुरुषभर खोल, हिरवागार. त्यात पेराएवढा बेडूक कुठे सापडणार? गाळणी झाली, जाळी झाली. अप्पा दिसले नाहीत. पण काठावर गप्प बसलं की ते गुणगुणणं ऐकू येतं, असं साडू म्हणतात.

परवा मीही गेलो. साडूंनी वडी पाण्यात सोडली, पाणी चिमटीत घेऊन चोळलं आणि निकाल न देताच बोटं धोतराला पुसली. "चुकलं माजं, अप्पा," ते पाण्याला म्हणाले. मग आम्ही दोघे कान देऊन बसलो. मला शेजारच्या मळ्यातली मोटर ऐकू आली, दुसरं काही नाही.

"आला का आवाज?" घरी पोचताच आक्काने विचारलं. मला. साडूंना नाही.

"आला की," मी म्हणालो.

तिने उरलेल्या वड्यांचा पुडा साडूंच्या हातातून घेतला, फ्रीज उघडला आणि लोण्याच्या वाटीशेजारी नीट ठेवून दिला.