किलोवर घेतलेलं जग

आमच्या दाजींनी जग विकत घेतलं होतं. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. तराजूत घालून, काटा नीट स्थिर होतोय का ते बघून, किलोवर घेतलं होतं आणि कापडी पिशवीत भरून एस.टी.नं बिद्रीकडच्या आपल्या गावी नेलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्या वेळी मी नुकताच बी.ए. होऊन कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच, हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि का सांगू नये? मंगळवार पेठेत माझी एक खोली होती. आठवड्यातून एकदा त्या खोलीच्या जिन्यावर वहाणांचा करकर आवाज यायचा, पाठोपाठ खळ्ळकन पिशवी टेकल्याचा, आणि मग साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशी हाक, "पावणं! हायसा का? जग आणलंय, दार उघडा!"

महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात जुन्या नाण्यांचं दुकान होतं. शिवराई, होन, बादशाही रुपये असला मौल्यवान माल काचेच्या कपाटात कागदाच्या पुड्या करून ठेवलेला असायचा, आणि शहरातली शहाणी माणसं तो चिमट्यानं उचलून भिंगातून बघायची. कोपऱ्यात मात्र एक पोतं होतं. त्यात मुंबईच्या गोदीतून आलेली देशोदेशींची चिल्लर होती, तिचा कुणी भाव विचारत नसे. ती मोडीच्या पितळेसारखी वजनावर मिळायची. दाजी ऊसबिलाच्या कामाला म्हणून शहरात आले होते, पावसाचा आडोसा घ्यायला मला घेऊन त्या दुकानात शिरले आणि ज्वारीच्या पोत्यात घालावा तसा त्यांनी त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. भिंगवाले लोक बघतच राहिले. हात बाहेर आला तेव्हा त्यांच्या करंगळीत एक नाणं अंगठीसारखं अडकलं होतं. त्याच्या मधोमध भोक होतं.

त्या भोकानं दाजींना वेड लावलं. आपल्याकडं पूर्वी भोकाचा पैसा होता. दाजींच्या लहानपणी बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, बैलांच्या गळ्यात त्याच पैशांच्या माळा घालत. पुढं तो पैसा बंद झाला, याचा दाजींना सरकारवर कायमचा राग होता. "पावणं, भोक हुतं तवर पैसा दोऱ्यात ऱ्हात हुता. भोक बुजवलं आणि तवापास्नं हातात टिकंना," हे त्यांचं अर्थशास्त्र. बी.ए.ला मला अर्थशास्त्र हा विषय होता, पण या मुद्द्याला उत्तर असलेलं पुस्तक काही माझ्या वाचनात आलं नव्हतं. ज्या देशाचं नाणं भोकाचं तो देश शेतकऱ्याचा, असाही त्यांचा पक्का हिशेब होता. पोत्यात डेन्मार्क निघाला, नॉर्वे निघाला, स्पेन निघाला, पूर्व आफ्रिका निघाली. एका पिवळ्या नाण्यावर मला वाचता येईल असं एक अक्षरही नव्हतं, नुसती वाकलेली भाताची लोंबी होती. दाजींनी ते उन्हात धरलं. "ह्यो देश राधानगरीच्या अंगाला असणार बघा. भात केवढा भरलाय!" ते जपान होतं हे मला पुढं कधीतरी समजलं. दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तकडं बी पाऊस राधानगरीसारखाच असंल की!"

खरेदी करायची त्यांची रीत मात्र न्यारी होती. दाजींची सगळी उमर गुरांच्या बाजारात गेलेली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याच्या आड बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. दाजींनी पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या हातावर उपरणं टाकलं आणि त्याची दोन बोटं गच्च दाबली.

"अहो, अहो! हे काय करताय? हात सोडा माझा!" दुकानदार ओरडला.

"वराडू नका हो," दाजी दबक्या आवाजात म्हणाले, "भाव फुटतोय!"

"किलोचा भाव पाटीवर लिहिलाय!"

"पाटीचा भाव पाटीला. तुमी बोटाचा सांगा."

मी तिथं मास्तरकीच्या पांढऱ्या सदऱ्यात उभा. माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडील भिंगातून शिवराईऐवजी माझ्याकडं बघत होते. पण खरं सांगतो, तिसऱ्या खेपेला त्या दुकानदारानं दाजी उंबऱ्यात दिसताच स्वतःहून हात पुढं केला. उपरण्याखाली दोघांची बराच वेळ झोंबाझोंबी चालली, आणि शेवटी त्यानं असा काही चेहरा केला की जणू त्याची दुभती म्हैस कुणीतरी फुकट नेली.

माल निवडून मिळायचा नाही, अशी दुकानाची अट होती. तराजूत येईल ते घ्यायचं. त्यामुळं भोकाच्या नाण्यांपायी बिनभोकाचंही पुष्कळ जग घरी यायचं. दाजींनी त्यातलं काही वाया घालवलं नाही. त्यांच्या बाजेच्या लंगड्या पायाखाली हंगेरी होतं. गोठ्याच्या दाराची बिजागरी पोर्तुगालवर फिरायची. अक्का तव्याला लागलेली भाकरी इटलीनं खरवडायची आणि इटली कुठं ठेवली म्हणून सुनेवर ओरडायची. इंजिनाचा एक नट काही केल्या बसेना, तेव्हा बेल्जियमला भोक पाडून ते वायसर म्हणून घातलं, आणि त्या सालात मळ्याला पाणी कमी पडलं नाही. पोरं भूगोल माझ्यापेक्षा तिथंच बरा शिकली असती, असं मला वाटून जायचं. ॲल्युमिनियमची हलकी नाणी तेवढी दाजी बाजूला टाकत. ओवायला घेताना प्रत्येक नाणं फरशीवर आपटून ते कानाशी नेत आणि डोळे मिटत. "आवाज बगाय नको? घुंगरू घेतासा तवा काय निस्तं रूप बगतासा?"

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर हौशासाठी. हौशा हा दाजींचा म्हातारा बैल. त्याच्या खांद्यावर दाजींनी माळाचा मळा केला होता. पण आता त्याचे दात झिजलेले, नांगराला तो कधीच बाद झालेला, आणि कानांनी तर ठार बहिरा. कानाजवळ हलगी वाजवली तरी निवांत रवंथ करायचा. वैरण महाग झाली होती. घरचा कारभार अक्काकडं, आणि अक्का म्हणजे शब्दाची पक्की. तिनं एक दिवस जेवण वाढता वाढता सांगून टाकलं, "ह्या बेंदरानंतर गोठ्यातलं एक तोंड कमी करायचं. हौशाला बाजार दावायचा." म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोण घेतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दाजींचा घास तसाच हातात राहिला. मग ते म्हणाले, "आणि त्यानं कर तोडली तर?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. बेंदराला आमच्याकडं वेशीत आडवा दोर बांधतात, त्याला पिंपळाची पानं लावतात. त्याला म्हणायचं कर. गावातले सगळे सजवलेले बैल माळावरनं वेशीकडं पळवत आणतात, आणि ज्याचा बैल पहिला कर तोडील त्याला वर्षभराचा मान. हौशा उभ्या आयुष्यात कर तोडू शकला नव्हता. दरसाल ती दाजींच्या चुलतभावाची जोडी तोडायची. भावकीतलं माणूस, आणि वर बांधाला बांध. म्हणजे काय ते समजून घ्या.

अक्का हसता हसता खालीच बसली. "हौशानं कर तोडली तर मरंपातुर त्याला मी माझ्या हातानं वैरण घालीन. जावा!"

ही गोष्ट भावकीत पोचायला काय वेळ? चुलतभाऊ बांधावर उभा राहून विचारायचा, "काय दादा, बहिऱ्या नवरदेवाला दागिनं कुठवर आलं?" दाजी खाली मान घालून सुतळीत डेन्मार्कशेजारी आफ्रिका ओवत राहायचे. असंच एकदा ओढ्याजवळून येताना त्यांच्या हातून नाण्यांची भरलेली पिशवी दगडावर आदळली. असा काही खणखणाट झाला म्हणता! पाण्यावर आलेली चुलतभावाची जोडी कासरा हिसडून पार मळ्यापर्यंत पळाली. मी सोबत होतो. मला वाटलं, दाजी आता दिलगिरी सांगायला जातील. ते नाणी वेचत नुसते गालात हसले.

बेंदराच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेलो. हौशाची शिंगं लाल-पिवळी रंगवली होती, पाठीवर अक्काच्या जुन्या लुगड्याची झूल होती. नाण्यांची माळ मात्र दाजींनी शेवटपर्यंत पोत्यात झाकून ठेवली. सगळे बैल माळावर ओळीत लागले, हलगी कडाडली, आणि तेवढ्यात दाजींनी पोतं उपसून ती माळ हौशाच्या गळ्यात टाकली. माळ कसली, गळ्यापासून वशिंडापर्यंत सात पदरी जगच होतं ते! "चल बाबा!" म्हणून त्यांनी हौशाच्या पाठीवर थाप मारली.

हौशा हलला, आणि देवाशपथ सांगतो, भांड्यांचं दुकान जिन्यावरून कोसळावं तसा आवाज झाला. घुंगरांना बैल सरावलेले असतात, हलगीलाही सरावलेले असतात. पण डेन्मार्क, स्पेन आणि जपान एकमेकांवर आदळल्याचा आवाज आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही बैलानं ऐकला नव्हता. उजवीकडची जोडी उजवीकडं, डावीकडची डावीकडं. कुणी ओढ्यात, कुणी खळ्यावर. चुलतभावाची जोडी तर दोन धट्ट्याकट्ट्या गड्यांना फरफटवत उसात शिरली आणि दिसेनाशी झाली. माळावर उरला एकटा हौशा. त्याला यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. पेन्शन आणायला निघालेल्या मास्तरासारखा तो एकेक पाऊल टाकत, इकडं तिकडं बघत वेशीपर्यंत गेला, आणि कर डोक्यावर आल्यावर थांबला.

"हाण की शिंग!" सगळं गाव ओरडत होतं. दाजींचा आवाज बसला. उसातून चुलतभावाच्या शिव्या जवळ जवळ येत होत्या. हौशानं मान वर केली, पिंपळाची कोवळी पानं हुंगली, आणि तो ती खायला लागला. एक पान, दुसरं पान, मग डहाळी. डहाळीबरोबर दोर तोंडात आला, हौशानं मानेला हिसका दिला, आणि कर तुटली!

एवढा कल्ला मी पुन्हा कधी ऐकला नाही. कुणी गुलाल उधळला, कुणी मलाच खांद्यावर घेतलं. एवढ्यात चुलतभाऊ उसाची पाचट अंगाला लागलेली, तसाच धावत आला. "ही कर तोडली व्हय? ही तर खाल्ली! च्याबरोबर बटर खावं तशी खाल्ली!"

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस पारावर बसला होता. तो म्हणाला, "तुटली का न्हाई?"

"तुटली, पर..."

"मग शिंगानं का दातानं, ते कशाला इचारतोस? तुझी जोडी कुठं हाय?"

"उसात."

"जा, ती आदी हुडीक."

घरी येताना बोळात हौशाच्या गळ्यातली सुतळी तटतट तुटली आणि सगळं जग चिखलात सांडलं. मी वेचायला वाकलो. दाजींनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या, पावणं. झालं त्याचं काम." दारात अक्का पाण्याचा तांब्या आणि ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. हौशाच्या कपाळाला कुंकू लावून तिनं त्याला ओवाळलं. दाजींनी भीत भीत विचारलं, "मग? सोमवारी बाजाराला..."

"नाव काडून बगा त्याचं!" अक्का कडाडली. "कोण न्हेतंय माझ्या हौशाला, बगतेच मी."

हौशा पुढं आणखी जगला आणि दावणीलाच गेला. अक्कानं शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं वैरण घातली. त्यानंतर दाजी त्या बोळातल्या दुकानात गेले नाहीत. दुकानदार कधी मला भेटला तर हात थोडा पुढं करून विचारायचा, "पाहुणे बरे आहेत ना?" ओढ्यावरची ती पिशवी खरंच हातून सुटली होती का, हे मला दाजींना विचारायचं होतं. पण विचारणं जमलं नाही, आणि आता विचारून उपयोग नाही. गोठ्यात ट्रॅक्टर आलाय आणि दाजींना ऐकू येत नाही. हौशासारखेच ठार बहिरे झालेत.

त्या दिवशी मी दाजींचा हुकूम मोडून चिखलातलं एक नाणं उचललं होतं, लोंबीचं. परवा गेलो तेव्हा ते खिशात होतं. दाजी ओट्यावर उन्हाला बसले होते. ते करायचे तसं मी ते नाणं त्यांच्यासमोर फरशीवर आपटलं. त्यांनी ते फिरताना पाहिलं, आडवं पडेपर्यंत पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी विचारलं, "वाजतंय न्हवं, पावणं?"

"वाजतंय, दाजी!" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

त्यांनी डोळे मिटले, आणि मान डोलवत बराच वेळ ऐकत राहिले.