एक गडी कमी पडला तेव्हा

आता काय ते पोटभर हसून घ्या, फक्त चहा सांडू नका. फजिती माझीच आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माजरीकडे कोळशाच्या एका कंपनीत मी मॅनेजर होतो. दिवसभर माणसांचा गराडा, आणि संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात मी एकटा. समोरच्या मैदानावर खाणीतले कामगार कबड्डी खेळायचे. मी जवळ गेलो की खेळ थांबायचा, सगळे सलाम ठोकायचे. साहेबाला 'या, खेळा' असं कोण म्हणणार? चार वर्षं मी नुसता बघत राहिलो.

शेवटी नोकरी सोडली आणि त्याच गड्यांचा संघ काढला. वाटलं, मालकाला तरी खेळायला घेतील. कुठलं काय, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली!

भद्रावतीच्या सामन्यात आमच्या एका गड्याचा पाय मुरगळला. आमचा कप्तान सोमाजी खुर्चीपाशी आला. "साहेब, एक गडी कमी पडून राह्यला. तुमच्या घरचाच माणूस पायजे. तुमची हरकत तं नाई ना?"

हरकत? घरचाच माणूस म्हणजे मीच की! अहो, माझे डोळे भरून आले. म्हटलं, "सोमाजी, मी याच दिवसाची वाट पाहत होतो."

तो जरा गोंधळला. मला वाटलं, बिचारा संकोचला असेल.

तंबूमागे जाऊन मी कपडे उतरवले. जखमी गड्याची चड्डी चढवली, ती पोटावर बसेना म्हणून सुतळीनं आवळली. मैदानाची माती कपाळाला लावली, दंड थोपटले. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पंचांनी गडी मोजले. सातऐवजी आठ भरले. पुन्हा मोजले, तरी आठच.

तेव्हा कुठे मी शेजारी पाहिलं. संघाचा स्वयंपाक करायला सोबत आणलेला आमच्या घरचा स्वयंपाकी बापूराव धोतराचा काचा मारून उभा होता.

सोमाजी माझ्या कानाशी लागला. "साहेब, आमी बापूरावले मागतलं होतं."

मी तसाच चड्डीवर खुर्चीत जाऊन बसलो. बापूरावनं एकट्यानं पाच गडी बाद केले आणि आम्ही जिंकलो.

आता अशा विजयी वीराला चुलीपुढे कसं बसवायचं? संघाचा स्वयंपाक त्या दिवशी मी केला. सोमाजीनं वरणभाताचा पहिला घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, पुढच्या खेपेले तुमीच खेळा. सैपाक बापूराव करन."

आणि खरं सांगतो, मी हातातला वरणाचा डाव तसाच धरून विचारलं, "नक्की ना?"