निरासावा-सानांचा इअरफोन

निरासावा-सानांनी एकोणतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. त्यांतली एकही पडली नाही, पण रोज 'पडली असती तर' हा विचार करून करून त्यांचा रंग कायमचा उतरला होता. निवृत्तीनंतर असा माणूस भाजी लावतो. हे आमच्या नदीकाठच्या क्लबात रिमोटची विमानं उडवायला आले.

त्यांचं ग्लायडर चार किलोचं. विमान आपली बॅटरी, उंची, सिग्नल यांचे आकडे खाली रिमोटला कळवत असतं. कोणता आकडा किती घसरला की रिमोटने बोलायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आम्ही दोन अलार्म लावतो. निरासावा-सानांनी अकरा लावले. सिग्नल पंचेचाळीसवर आला की ताकीद, बेचाळीसवर आला की आकांत; त्याखाली विमान कधीही हातचं जातं.

"विमान आहे की आजारी सासू?" आमचे अध्यक्ष, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओगिवारा-सान म्हणाले.

निरासावा-सान कमरेत वाकले, सगळ्यांना त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि पुढच्या गुरुवारी रिमोटला इअरफोन जोडून आले. आता त्रास फक्त त्यांना होता.

त्या सकाळी ग्लायडर लांब, नदीच्या बांधावर उंच उडत होतं. ओगिवारा-सान भाजलेलं रताळं घेऊन आले आणि आपल्या गुडघ्याची हकिगत सांगू लागले. वडीलधारा बोलत असताना कानात काही ठेवणं आमच्यात बसत नाही. निरासावा-सानांनी इअरफोन काढून छातीवर सोडला. गुडघा बराच चालला. "खरंय," ते आकाशाकडे बघत म्हणत होते, "खरंय."

मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "फार शांत आहे," ते पुटपुटले. त्यांनी इअरफोन कानात कोंबला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"बेचाळीस. केव्हापासून म्हणतंय कोण जाणे."

ग्लायडरचा एक पंख झुकला. खाली बांधावरून पिवळ्या टोप्यांची बालवाडी एका दोरीला धरून चालली होती. निरासावा-सानांनी दोन्ही हातांनी रिमोट विमानाच्या दिशेने पुढे ताणला, जणू काठीने ढोसून ते वर उचलणार होते. "एक्केचाळीस," ते म्हणाले. त्यांचे गुडघे कापत होते. ओगिवारा-सानांचेही, पण आता त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

"अँटेना आडवी करा," ओगिवारा-सान हळूच म्हणाले. "तुम्ही टोक रोखलंय त्याच्यावर. टोकातून काही जात नाही."

अँटेना आडवी झाली. "चव्वेचाळीस," निरासावा-सान म्हणाले. "एक्कावन्न." पंख सरळ झाला. पोरांनी विमानाला टाटा केला.

ग्लायडर उतरल्यावर निरासावा-सान गवतात बसले.

"माझं कशाला ऐकत बसलात?" ओगिवारा-सान चिडून म्हणाले.

"आपण वडीलधारे."

"विमान वर असेपर्यंत मी कोणी नाही."

पुढच्या गुरुवारी इअरफोन नव्हता. अकरा अलार्म मोठ्याने, वर बारावा: दर मिनिटाला रिमोट म्हणायचा, सगळं ठीक आहे. कोणी तक्रार केली नाही.

"आता तरी विश्वास बसतो ना?" ओगिवारा-सानांनी विचारलं, विमान उतरल्यावर.

"बसतो," निरासावा-सान म्हणाले. "पहिलं अर्धं मिनिट."