गव्हाचा पणजा म्हशीपुढं

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या, कारण असला घोळ आमच्या झरी गावात आजवर कुणी घातला न्हाई!

झालं काय, गव्हावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, "काकू, तुमच्या रानात थोडं बी पेरू का? उन्हाचा तडाखा सोसणारा गहू तयार करायचाय."

संशोधन, तेबी आमच्या रानात! मी तर गावभर सांगून आले.

पेरणी झाल्यावर मॅडमनी बजावलं, "मधल्या दोन ओळी फार मोलाच्या आहेत. नीट जपा."

रोज बघायला जायची की! बाजूचा गहू झोकात वाढायलाय, आन् मधल्या ओळीत? नुसतं गवत! बारीक, पसरलेलं, कुसळाचं. मोलाचं बी उगवलंच न्हाई, त्याच्या जागी हे माजलं! आता मॅडमला काय तोंड दाखवू?

मॅडम येणार त्या सकाळी खुरपं घेतलं आन् काडीबी ठेवली न्हाई. भारा म्हशीपुढं टाकला. साफ रानाचा फोटो काढून बचत गटाच्या ग्रुपवरबी धाडला!

मॅडम आल्या अन् बांधावरच थबकल्या. "काकू, मधल्या ओळी कुठं गेल्या?"

"उगवल्याच न्हाईत, मॅडम. लय गवत झालतं. समदं काढलं!"

"अहो, ते गवतच तर पेरलं होतं! गव्हाचा पणजा म्हणा ना. असल्या रानगवतांपासूनच गहू झाला. त्याची ऊन सोसायची ताकद आपल्या गव्हात आणायचीय. कुठं टाकलंत?"

"म्हशीपुढं..."

मग काय! मॅडम पुढं, मी मागं, माझ्यामागं आमचे मालक. मालकांनी म्हशीचं दावं धरलं, मी सरळ तिच्या तोंडातून ओंब्या ओढायले! ती तिकडं ओढायलीय, मी इकडं! शेवटी ओंजळभर ओंब्या वाचल्या.

मॅडमनी दाणा दाबून बघितला. "भरलाय. बियाण्याला पुरेल एवढं."

मला तर रडूच फुटलं. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "असू द्या, काकू. हजारो वर्षांपूर्वी कुण्या बाईनं असलंच गवत बघितलं असेल, दाणा चाखला असेल, पेरला असेल. म्हणून आज आपल्या ताटात पोळी आहे."

मालकांना लगेच जोर आला. "तिच्या जागी आमची ही असती, तर दुनियेला नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढावे लागले असते!"

"ज्वारीसुद्धा आधी गवतच होती, काका."

घ्या! म्हंजी तवा खुरपं माझ्या हातात असतं, तर अख्खी दुनिया उपाशी मेली असती की हो!