आईने जपलेले हात

माझ्या आईने मला कधीच मासळी कापू दिली नाही. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. आमच्या गल्लीतल्या मुली सात-आठ वर्षांच्या झाल्या की आईशेजारी कोळंबी सोलायला बसतात. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसायचे. तुझ्या हाताला वास लागला तर शाळेत तुझ्या बाजूला कोणी बसणार नाही, असं आई सांगायची. शाळा सिस्टरांची, इंग्रजी माध्यमाची होती, आणि आमच्या ख्रिस्ती कोळी घरांतून तिथे जाणारी त्या वर्षी मी एकटीच होते. आई पहाटे बंदरावर टोपली भरायची, वसईच्या बाजारात बसायची आणि दुपारी घरी आली की आधी हातांवर लिंबू चोळायची. मगच माझ्या केसांना हात लावायची.

लिंबू चोळूनही वास जायचा नाही. मला तो आवडायचा, हे मी आज लिहू शकते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

एवढं करूनही चौथीत एका मुलीने आमच्या बाकावरून आपलं दप्तर उचललं आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. आदल्या दिवशी माझा युनिफॉर्म अंगणात ज्या दोरीवर वाळत होता, तिच्या मागेच बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. तिने नाकाला रुमालही लावला नाही. मी घरी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी गप्प झाले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी आधीपासूनच गप्प होते. त्या दिवशी मला गप्प राहायला कारण मिळालं.

तेविसाव्या वर्षी मी मिशनच्या कामासाठी पूर्व तिमोरला जायचं ठरवलं, तेव्हा घरातलं कोणी रागावलं नाही. सगळे हसले. आमच्याकडून माणसं परदेशी जातात ती शिपवर, गल्फला, नाहीतर इस्रायलला म्हातारी माणसं सांभाळायला. दोन वर्षं पगाराशिवाय जाणार म्हटल्यावर मावशीने विचारलं, ही शिक्षा कशाबद्दल? आणि पुढे म्हणाली, "ही बोलनार कोनाशी गो तिथं? घरी पावना आला तर न्हानीत जाऊन बसते."

ते खरं होतं. मी बसायचे.

आईने अडवलं नाही, कारण इंग्रजी येणाऱ्या मुलीला ऑफिसातच बसवणार याची तिला खात्री होती. कामाचं पत्र मी वाचलं होतं. त्यात ऑफिसाचा शब्द नव्हता. मी तिला तसं सांगितलं नाही. भांडणाला घाबरले आणि विमानात बसले.

दवाखाना म्हणजे समुद्रकाठच्या गावात दोन खोल्या आणि एक पडवी. पोर्तुगीज तिथेही राहून गेलेले, त्यामुळे साबणाला आणि बादलीला जवळपास आपलेच शब्द. बाकी भाषेचा पत्ता नाही. माझं इंग्रजी फक्त तिथल्या नर्सच्या उपयोगाचं. माझं काम पट्ट्या सोडायचं, जखम धुवायचं, नवी पट्टी बांधायचं. साखरेच्या आजाराने चिघळलेले पाय, भाजलेले हात, दिवसेंदिवस पडून राहिलेल्यांच्या पाठी. पट्टीचा शेवटचा थर सुटला की जो वास येतो त्याबद्दल मी कुठे वाचलं नव्हतं. मी मास्कच्या आत बाम लावायचे आणि श्वास धरून ठेवायचे. जखम धुताना मनात आकडे मोजायचे. चाळीसपर्यंत गेले की तोंड बाजूला करून श्वास घ्यायचा, परत एकपासून. पहिल्या महिन्यात तीनदा मागच्या दारी जाऊन ओकले.

तिसऱ्या महिन्यात मी तिथल्या प्रमुख सिस्टरना सांगितलं की मला घरी जायचंय. त्या इतक्या प्रेमाने बोलल्या की मला त्यांचाच राग आला. प्रत्येकाला हे जमतंच असं नाही, यात कमीपणा नाही, तिकिटाचं बघू, असं म्हणाल्या. काम कसलं ते आईला तोवर फोनवर कळलं होतं; ती म्हणाली, ये, तुझी खोली तशीच ठेवलीय. सगळे मला सोडायला तयार होते. मला धरून ठेवणारं कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात एका म्हातारीने मला नको म्हटलं. ती डोंगरातल्या गावाहून आलेली, कापड विणणारी. डाव्या पायाची जखम घोट्यापर्यंत पोचलेली. मी बादली घेऊन तिच्यापाशी गेले तर तिने पाय आत ओढून घेतला आणि नर्सला काहीतरी म्हणाली. नर्स मऊ करून सांगणारी नव्हती. हात पुसत पुसत तिने मला इंग्रजीत सांगितलं, 'ही मुलगी नको' म्हणते. ही आली की मला माझा वास येतो, असं म्हणते.

मी बादली खाली ठेवली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. या वेळी ओकारी आली नाही. चौथीतल्या त्या मुलीवर मी तेरा-चौदा वर्षं राग धरून होते. तिचं नाव, तिची वेणी, तिच्या दप्तरावरचं चित्र, सगळं मला पाठ होतं. आणि आज तिच्या जागी मी उभी होते, बाम लावून. शिवाय तिने एकदाच दप्तर उचललं. मी रोज चाळीस आकडे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी मी हातमोजे घातले, मास्क घातला नाही. वास आला. पूर्ण आला. वासाने कोणी मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि एवढी साधी गोष्ट कळायला समुद्र ओलांडावा लागला याची लाज वाटली. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोंड फिरवलं नाही. तिने पाय पुढे केला. माफ वगैरे केलं नव्हतं. पुढचा आठवडाभर ती माझ्या प्रत्येक हालचालीवर नर्सपाशी तक्रार करत राहिली, आणि नर्स ती शब्दन् शब्द मला ऐकवत राहिली.

सिस्टरना मी सांगितलं, तिकीट नको.

बळ कुठून मिळालं, असं लोक आता विचारतात. उत्तरात प्रार्थना यावी अशी त्यांची इच्छा असते, कारण पुढे मान हलवायला ते बरं पडतं. प्रार्थना मी करत होते. जपमाळ रोज हातात होती. पण त्या आठवड्यात जे आलं ते रागाच्या वाटेने आलं. माझ्यावरचा राग, त्या बाकावरचा राग, माणसाला वासावरून बाजूला बसवणाऱ्या सगळ्यांवरचा राग. ते देवानेच पाठवलं असेल तर ही वाट त्याला चालते, एवढंच मी म्हणेन.

वर्ष संपल्यावर महिनाभराच्या सुट्टीवर मी घरी आले. आल्यावर तिसऱ्या दिवशी आईला डबा द्यायला बाजारात गेले. आईच्या शेजारी बसणारी, मी जिला लहानपणापासून काकी म्हणते, तिने विचारलं, "तुझ्या हापिसात एसी हाय का गो?"

आई पापलेटाचे खवले काढत होती. तिने मान वर केली नाही, आणि तेवढ्याने मला कळलं. वर्षभर ती सगळ्यांना सांगत होती की मुलगी परदेशात हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, कंप्युटरवर.

मी म्हणाले, "ऑफिस नाही काकी. मी लोकांच्या जखमा धुते. पायांचे सडलेले भाग साफ करते."

इतक्या माणसांसमोर इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन. समोरचं गिऱ्हाईक पिशवी धरून तसंच उभं राहिलं. काकी म्हणाली, "आगं बाय," आणि आपल्या टोपलीवर पाणी शिंपडायला लागली.

घरी आल्यावर आई बोलली. आरडाओरडा केला नाही. तिने लिंबू चोळलं, हात धुतले, आणि म्हणाली, "मी तुझे हात यासाठी जपले? माझ्या हाताला वास, म्हनून तुझ्या हाताला नको. आनि तू जाऊन परक्यांचा पू धुतेस?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडात येईपर्यंत ती उठली होती. माझा पासपोर्ट पहिल्या दिवशीच तिने लोखंडी कपाटात ठेवला होता, नीट राहील म्हणून. आता कपाटाला कुलूप लागलं. चावी तिने गळ्यातल्या दोऱ्यात, क्रुसाबरोबर ओवली. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, चावी तिच्याकडे आहे. जसं काही मला दिसत नव्हतं.

मामाने पतपेढीत एक जागा बघून ठेवली होती. मी त्याला फोन करून नाही म्हटलं. त्याला वाटलं लाइन खराब आहे, म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं. आईला सांगितलं की मी जाणार आहे, पासपोर्ट मागून घेणार आहे, चोरणार नाही. ती म्हणाली, मागत राहा. मी रोज सकाळी मागितला. ती रोज नाही म्हणाली. आम्ही दोघी या बाबतीत सारख्याच आहोत.

जायला बारा दिवस राहिले असताना मी पाहिलं की ती चमच्याने जेवतेय. उजव्या तळव्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली. खरचटलंय, म्हणाली. ताटात वाढायला ती जवळ वाकली तेव्हा वास आला. मासळीचा नव्हे. हा दुसरा वास आता मला कुठेही ओळखता येतो.

मी तिचं मनगट धरलं. ती हिसका देऊन म्हणाली, "सोड. वास लागंल."

"लागू दे," मी म्हणाले, आणि सोडलं नाही.

शिंगाळा माशाचा काटा शिरला होता, आठवडा झाला होता, आणि ती तोच हात बर्फात घालून बाजारात बसत होती. तळवा फुगून चकचकीत झालेला. मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चीर देऊन पू काढला, गोळ्या दिल्या आणि रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं. मी म्हटलं, ड्रेसिंग मी करीन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काय काय करते ते विचारलं, आणि बरं म्हणाले.

मग रोज सकाळी ओट्यावर मी आईचा हात मांडीवर घेऊन बसायचे. तो हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. कोयत्याचे जुने पांढरे व्रण, अंगठ्याच्या पेरावर खड्डा, नखाच्या कडेला अडकलेला एक खवला, जो लिंबाने निघत नाही. आई गिऱ्हाईक मासळी बघतं तशी माझं काम बघायची. चांगलं म्हणाली नाही. एकदा हळू म्हणाली, एकदा घट्ट बांध म्हणाली. पाचव्या दिवशी काकी आपलं कापलेलं बोट घेऊन आली. तिचंही धुतलं. ती आईला म्हणाली, "हिचं हापिस तं हितंच उघडलंय. एसी तेवढा नाय." आई हसली नाही, पण पाय लांब करून आरामात बसली.

निघायला चार दिवस उरले तेव्हा मी पासपोर्ट परत मागितला. या वेळी कारणही दिलं. म्हणाले, "तू हे हात जपलेस. आता ते कशाला लावायचे ते मी ठरवणार."

तिने वलांडीवरच्या बोंबलांकडे बघितलं. मग तिने विचारलं, ती म्हातारी, तुझी डोंगरातली, तिचा पाय बरा झाला का? तिच्याबद्दल मी कधीतरी फोनवर सांगितलं होतं. आईने ते लक्षात ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "कापावा लागला."

"मग तुझा उपेग काय झाला?"

"उरलेल्या पायाला पट्टी लागते."

आईने मान खाली घातली. मला वाटलं रडते. पण तिने मान पुढे आणली होती, दोरा काढता यावा म्हणून. "काढ," ती म्हणाली. "माझा हात बांधलाय." मी दोरा तिच्या डोक्यावरून काढला, क्रूस आणि चावी दोन्ही, आणि आत गेले. बाहेरून तिचा आवाज आला, "लग्नाच्या साडीखाली हाय. घडी मोडू नको."

मी पासपोर्ट घेतला, कुलूप लावलं आणि दोरा परत तिच्या गळ्यात घातला.

"बाजारात मी हापिसच सांगनार," ती म्हणाली.

"सांग. मला कोणी विचारलं तर मी खरं सांगेन."

"तुला कोन विचारतंय," असं म्हणून तिने हात माझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवसाची पट्टी अजून बदलायची होती.